लॅकरचा एक हात

"आई, जरा इकडे या. मध सांडल्यासारखं काहीतरी चिकटलंय इथं."

सूनबाई गाडीच्या डिकीत कमरेपर्यंत शिरली होती. बाहेर नुसते पाय दिसत होते. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून जुन्या डब्यातले स्क्रू निवडत होते. दुकानात आता मला तेवढंच काम उरलंय, आणि तेही मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

"गाडीच्या पत्र्यावर मध कुठून येईल? नीट बघ."

"नीटच बघतेय. तुम्ही या तर."

मी उठले. गुडघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. गाडी जुनी, निळी, दातांच्या डॉक्टरांची. आदल्या दिवशी त्यांची मुलगी ती घेऊन आली होती. बाबा आता गाडी चालवत नाहीत म्हणाली. डिकीत गाण्याचा आवाज वाढवणारं एक जुनं अ‍ॅम्प बंद पडून आहे, ते काढा, नवीन बसवा, शनिवारी संध्याकाळी न्यायला येते. तिला बिचारीला मागचं काही ठाऊक नव्हतं. दुकान तिच्या वाटेवर पडतं म्हणून आली. पण ती गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हाच मी ओळखली होती, आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

सूनबाईने विजेरी धरली. गालिचा बाजूला केलेला, अ‍ॅम्प काढून ठेवलेलं. अर्थची वायर जिथे पत्र्याला आवळलेली असते तो बोल्ट तिने सोडवला होता. वायरीच्या टोकाला तांब्याची कडी असते, तिला आम्ही थिंबल म्हणतो. ती थिंबल उचलली तर खाली नाण्याएवढा गोल, लख्ख. भोवतीचा सगळा पत्रा तांबेरलेला, आणि तेवढा गोल मात्र कालच घासल्यासारखा. त्यावर पिवळसर, पारदर्शक साय.

"लॅकर आहे हे," सूनबाई म्हणाली. तिने नख मारून पाहिलं. "जुनं होऊन पिवळं पडलंय. अर्थखाली लॅकर? कोणा शहाण्याचं काम म्हणायचं हे? गाण्यात शिट्टी येईल नाहीतर काय होईल."

मी गालिच्याची दुमडलेली कड सरळ केली.

"ही डॉक्टरांची तीच गाडी ना? बाबा सांगायचे ती? जिच्यापायी काका दुकान सोडून गेले?"

"असेल."

"म्हणजे चूक काकांचीच होती तर."

"असेल," मी पुन्हा म्हणाले, आणि परत स्क्रू निवडायला बसले. छोटे डाव्या हाताला, मोठे उजव्या. थोड्या वेळाने पाहिलं तर सगळे एकाच ढिगात पडले होते.

काका म्हणजे माझे धाकटे दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते. दुकान ह्यांचं, पण दुकानाचे कान भाऊजींचे. हे गिऱ्हाइकाशी गोड बोलत, यंत्रं आणत, पेटी कुठे बसवायची ते ठरवत. वायरीचं काम भाऊजींशिवाय कोणी करत नसे. बॅटरीची जाड वायर ते गाडीच्या डाव्या अंगाने मागे न्यायचे आणि गाण्याची बारीक वायर उजव्या अंगाने. दोन्ही शेजारी कधी नाहीत. मी एकदा विचारलं, एवढा वळसा कशाला? तर म्हणाले, "वहिनी, दोन जावांना एका ओट्यापाशी उभं केलं की आवाज होणारच." मला एकच जाऊ होऊ शकत होती, आणि ती त्यांनी कधी आणलीच नाही, म्हणून हे बोलायची त्यांना सोय होती.

अर्थच्या बाबतीत तर सोवळंच. वायर हातभरापेक्षा लांब नको. जिथे आवळायची तिथला रंग खरवडून काढायचा, पत्रा पांढरा दिसेपर्यंत. त्यासाठी त्यांनी तुटक्या करवतीच्या पात्याची एक खरवडणी केली होती. मुठीला माझ्या जुन्या अभ्र्याची चिंधी गुंडाळलेली. बोल्टाखाली दातेरी वॉशर. काम झालं की चप्पल काढून गाडीत बसायचे, डोळे मिटायचे आणि अनवाणी पायाने अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबायचे. गाणं लावायचं नाही. आवाजाची कळ पूर्ण वर, गाणं बंद. "काही नाही हे नीट ऐकू आलं पाहिजे," असं म्हणायचे. मी हसायचे. काही नाही ते काय ऐकायचं?

माझं काम शेवटचं. दुकानातून गाडी निघताना आली होती त्यापेक्षा चकचकीत दिसली पाहिजे, हा माझा नियम. पान्ह्याचा ओरखडा, बोटांचे डाग, गालिच्यावरचा कचरा, माझ्या नजरेतून काही सुटत नसे. माझे वडील कुलपं करायचे. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी त्यांच्या दुकानात बसले. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती, घासलेलं लोखंड उघडं सोडायचं नाही, लॅकरचा एक हात मारायचा. त्यांची कुलपं मी पन्नास वर्षांनीही लखलखीत पाहिली आहेत. सासरी आल्यावर मी ही गोष्ट किती वेळा ऐकवली असेल त्याला गणती नाही. ह्यांना पाठ झाली होती.

डॉक्टरांची गाडी तेव्हा कोरी होती. आमच्याकडे तोवर तेवढी भारी गाडी आलीच नव्हती. भाऊजींनी दोन दिवस खपून वायरी ओढल्या. डिकीत पत्रा खरवडला आणि पाहतात तर दातेरी वॉशर संपलेले. ते आणायला गेले. मी फडकं घेऊन आले, आणि तो नागडा पत्रा दिसला. एवढ्या कोऱ्या गाडीला खरूज झाल्यासारखा. दोन पावसाळ्यांत गंजेल, आणि डॉक्टर म्हणतील या लोकांनी गाडी नासवली. माझी लॅकरची बाटली फळीवर होतीच. बारीक कुंचल्याने एक हात मारला, पातळ, सुंदर. डिकीत ऊन येत होतं, ताबडतोब वाळला.

भाऊजी आले, वाकले. म्हणाले, "वहिनी, पुसलंत वाटतं? आरसाच केलात की."

मी खूश झाले. सांगायचं काय त्यात? आपण नीटनेटकेपणा केला तर तो सांगत बसायचा का?

आठ दिवसांनी गाडी परत आली.

"शिट्टी वाजते," डॉक्टर म्हणाले. "गाडी पळवली की वाढते, थांबवली की उतरते. अहो, मी दिवसभर लोकांच्या दातांवर तीच मशीन फिरवतो. संध्याकाळी जरा गाणं ऐकावं म्हटलं तर गाडीतही तीच."

भाऊजींनी सगळं तपासलं. वीज पोचते का ते बघायला बल्ब लावून पाहिला, लागला. अर्थचा बोल्ट पुन्हा आवळला आणि शिट्टी गेली. गाडी गेली. चार दिवसांनी परत शिट्टी. मग त्यांनी गाण्याची वायर बदलली, टेप बदलला, बॅटरीची वायर उकलून पुन्हा ओढली, आणि शेवटी सवयीने बोल्ट आवळला. शिट्टी गेली. एका आठवड्याने डॉक्टर तिसऱ्यांदा दारात.

त्या दिवशी दुकानात दुसरीही दोन गिऱ्हाइकं होती. ह्यांचा चेहरा उतरलेला. दुकानाचं नाव जातंय असं मला वाटलं, आणि माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "देवाने हे कान ऐकायला दिलेत की चष्मा अडकवायला?"

डॉक्टर हसले. दुसरी गिऱ्हाइकंही हसली. हेसुद्धा, लाजेने का होईना, हसले. भाऊजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. खरवडणी खिळ्याला अडकवली. म्हणाले, "दादा, निघतो." आम्हाला वाटलं चहाला गेले.

ते बसच्या डेपोत लागले. बॅटरीखोलीत. बॅटऱ्यांत पाणी भरायचं, चार्जिंगला लावायच्या. आवाजाशी संबंध नाही. डॉक्टरांच्या गाडीतलं अ‍ॅम्प शेवटी ह्यांनी तोडूनच टाकलं, साधा टेप जोडून दिला, माफी मागितली. अ‍ॅम्प तसंच गालिच्याखाली राहिलं, बावीस वर्षं मुकं.

आता जे सांगायचं ते सांगते. मला हे सूनबाईच्या विजेरीने कळलं नाही. मला त्याच वर्षी कळलं होतं.

ह्यांनी वायरीच्या कामाला नवा माणूस ठेवला होता, त्याला शिकवत होते. मी पलीकडे फडकी पिळत होते. "थिंबलखाली रंगाचा कण नको," हे सांगत होते. "धातूला धातू भिडला पाहिजे, नाहीतर डायनॅमोची शिट्टी गाण्यात शिरते."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "लॅकरसुद्धा नको?"

हे हसले. "लॅकर म्हणजे काच. दिसते आरपार, पण विजेला वाट बंद. तू कुलपंच बघ."

मी ते फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं आणि पुन्हा पिळलं. तेव्हाच सांगायचं होतं. पण आज सांगू, उद्या सांगू असं झालं. मग वाटलं, राग उतरला की भाऊजी आपणहून येतील, आले की सांगू. ते आले नाहीत. हे एक-दोनदा म्हणाले, जाऊन बोलवून आणू का? मी म्हटलं, चूक त्यांची, पाय त्यांनी झिजवावेत. हे पुढं काही बोलले नाहीत. आमच्या घरात माझ्या पुढं बोलायची पद्धत नव्हती, ती मीच पडू दिली नव्हती. ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात भाऊजी दवाखान्याच्या जिन्यापर्यंत येऊन गेल्याचं नंतर कोणी सांगितलं. अंत्ययात्रेत मागे उभे होते. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं. नंतर गर्दी पांगली, तर ते नव्हते.

शुक्रवारी सकाळी सूनबाईने खिळ्यावरची खरवडणी काढली.

"थांब," मी म्हटलं. "तो गोल खरवडू नकोस."

"का? संध्याकाळपर्यंत वायरी ओढून झाल्या पाहिजेत. उद्या गाडी जायची आहे."

"बाकीचं कर. ते राहू दे." आणि मग एका दमात सांगून टाकलं. "ते लॅकर मी मारलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. हिला वायरीचं काम ह्यांनीच शिकवलं, शेवटच्या चार वर्षांत. मुलगा कारखान्यात रमला, त्याला दुकानाची गोडी नाही. ह्यांनी हिला शिकवताना दर वेळी म्हटलं असेल, अर्थ नीट कर, माझा भाऊ तिथेच चुकला.

"काकांना माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"बाबांना होतं?"

मी स्क्रूंचा डबा पुढ्यात ओढला. तिने खरवडणी हळूच खिळ्याला परत अडकवली. माझी सून तोंडाची फटकळ आहे, माझ्याकडूनच शिकली. त्या दिवशी ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

भाऊजींचा पत्ता मला ठाऊक होता. बावीस वर्षं ठाऊक होता. त्याच दुपारी तीन जिने चढून वर गेले. गॅलरीतल्या दोरीवर त्यांच्या विजारी वाळत होत्या, बॅटरीच्या तेजाबाने पडलेली बारीक बारीक भोकं, आणि प्रत्येक भोक नीट रफू केलेलं. दार उघडंच होतं.

मला पाहून ते उठले. केस पार पांढरे.

"वहिनी? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. आत येऊ का?"

एकच खुर्ची होती, ती मला दिली. स्वतः खाटेच्या कडेवर बसले. खोली स्वच्छ होती, माझ्या घरापेक्षा स्वच्छ. बघता बघता लक्षात आलं, रेडिओ नाही, टीव्ही नाही, वाजेल असं काही नाही. घड्याळसुद्धा टिकटिक न करणारं.

"डॉक्टरांची गाडी आलीये," मी म्हटलं.

"निळी."

"निळी."

"अजून शिट्टी येते?"

"भाऊजी, तुम्ही त्या दिवशी वॉशर आणायला गेला होतात. मागे मी त्या पत्र्यावर लॅकर मारलं."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. समोरच्या भिंतीकडे पाहत होते, जणू तिथे ती गाडी उभी आहे.

"किती हात?"

"एक."

"एकच?"

"एकच. पातळ."

"म्हणून बल्ब लागत होता," ते सावकाश म्हणाले. "बोल्टच्या आट्यांतून थोडी वाट मिळत होती. आवळला की दाते रुतायचे, बरं वाटायचं. हादरे बसले की पुन्हा ढिला." बोटं हवेत एक बोल्ट फिरवत होती. "मी किती वेळा मनात ती गाडी उकलली, वहिनी. मला वाटायचं, गाडीत काहीच नसेल, मलाच ऐकू येईनासं झालं असेल. म्हणून नंतर कशालाच कान लावला नाही." मग म्हणाले, "मीटर लावायला हवा होता मी. नुसत्या बल्बवर विसंबलो. तशी चूक माझीही आहे."

"तुमची नाही. माझी आहे म्हणून सांगायला आले ना मी."

हे मी खेकसून म्हटलं. माफी मागतानासुद्धा माझा आवाज रागावल्यासारखाच निघाला. दुसरा आवाज मी कधी वापरलाच नव्हता, तो आयत्या वेळी कुठून येणार?

भाऊजी जरासे हसले. मग त्यांनी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

जिना चढताना मी याच प्रश्नाला भीत होते. आणि उत्तरही तयार होतं, काल, सूनबाईने बोल्ट सोडवला तेव्हा. अगदी पटण्यासारखं होतं. कोणी तपासायला येणार नव्हतं.

"त्याच वर्षी," मी म्हटलं.

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिप् पिप् बराच वेळ चालू राहिली.

"दादाला सांगितलं होतंत?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

"दादाला सांगायला हवं होतं, वहिनी."

एवढंच. आवाज चढवला नाही, मान फिरवली नाही. मला माहेरी, सासरी, बाजारात आजवर जे जे कोणी बोललं असेल, त्यातलं काही मी कधी मनावर घेतलं नव्हतं; हे घेतलं.

मी उठले. दारातून म्हटलं, "सूनबाईने तो गोल तसाच ठेवलाय. उद्या संध्याकाळी गाडी जाईल. त्याआधी बघून जा." ते पुन्हा समोरच्या भिंतीकडे पाहू लागले होते.

शनिवारी दुपारी चार वाजले, तरी ते आले नव्हते. सूनबाईने नवीन अ‍ॅम्प बसवून, डाव्या-उजव्या वायरी ओढून, फक्त अर्थ तेवढी बाकी ठेवली होती. ती माझ्याकडे पाहायची, मी घड्याळाकडे. पाच वाजले. तिने खरवडणी हातात घेतली आणि म्हणाली, "आई, आता करावंच लागेल." आणि रस्त्याच्या पलीकडे भाऊजी दिसले, इस्त्रीचा शर्ट घालून, गाड्या थांबायची वाट पाहत.

ते सरळ डिकीपाशी गेले. वाकले. त्या पिवळ्या गोलावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"चांगलं लॅकर होतं," म्हणाले. "गंजू दिलं नाही."

सूनबाईने खरवडणी पुढं केली. त्यांनी ती घेतली, मुठीवरची चिंधी चाचपली, हातात तोलली आणि परत तिलाच दिली. "तू कर. माझा हात आता कापतो."

ती खरवडू लागली. पिवळे पापुद्रे उडाले. ती थांबली की ते म्हणत, "अजून. अजून थोडं. पांढरा दिसू दे." पत्रा पांढरा झाला. त्यांनी स्वतः फुंकर मारली. तिने दातेरी वॉशर घातला, थिंबल बसवली, बोल्ट आवळला. त्यांनी विचारलं, "मीटर आहे?" तिने मीटर लावला. दोघांनी आकडा पाहिला आणि दोघांनी सारखीच मान हलवली.

मग ते पुढच्या दाराशी आले. चष्मा काढून माझ्या हातात दिला. मुद्दाम दिला, की मी जवळ उभी होते म्हणून, मला कळलं नाही, आणि विचारायची माझी प्राज्ञा नव्हती. चपला काढल्या, आत बसले, दार ओढून घेतलं. आवाजाची कळ पूर्ण वर केली, गाणं बंद ठेवलं. डोळे मिटले.

इंजिन हळूहळू चढू लागलं. चढलं, आणखी चढलं, मग तसंच सावकाश उतरलं. पुन्हा चढलं. काचेतून मी त्यांचा चेहरा पाहत होते. गाडीच्या आत काय ऐकू येत होतं ते मला बाहेरून कळायचं नाही. पण सूनबाई मागच्या सीटवर कान देऊन बसली होती. तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं, जणू मीच काही बोलणार होते.

ते बराच वेळ तसेच बसले. डॉक्टरांची मुलगी येऊन बाजूला उभी राहिली. तिने विचारलं, "काही अडचण आहे का?" मी म्हटलं, "नाही. ऐकतायत."

त्यांच्या चपला दाराखाली पडल्या होत्या, घाईने काढलेल्या, एक सरळ आणि एक उलटी. मी वाकले. मला आता वाकायला वेळ लागतो, कशाचा तरी आधार घ्यावा लागतो. गाडीला धरलं, दुसऱ्या हातात चष्मा होता तो पदरात खोचला, आणि उलटी चप्पल सुलटी केली. मग दोन्ही जोडून, तोंडं रस्त्याकडे करून ठेवल्या, त्यांना उतरल्याबरोबर पाय घालता यावेत अशा.

इंजिन बंद झालं. दार उघडलं. भाऊजींनी पाय खाली टाकला आणि तो चपलेत नेमका पडला. त्यांनी खाली पाहिलं. मग चष्म्यासाठी हात पुढं केला.

"शांत आहे," म्हणाले.

"सोमवारी याल?" मी विचारलं. "नुसते बसायला."

त्यांनी चष्मा कानांवर नीट बसवला, डावीकडे, मग उजवीकडे. "माझी परतीची बस साडेसहाची आहे, वहिनी," म्हणाले, आणि सूनबाईच्या डोक्यावर हात ठेवून निघाले. रस्ता ओलांडताना ते एकदा थांबले. निळी गाडी त्यांच्या समोरून गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले, मान जराशी तिरकी करून.